पाटीवरचा अर्जुन

आमच्या शाळेमागच्या टेकाडावर एक झाड आहे. सहा वर्षे त्याच्या बुंध्याला ‘अर्जुन’ अशी पाटी बांधलेली होती. पाटी आम्हीच रंगवली होती. वर मराठीत नाव, खाली उर्दूत. झाड अर्जुनाचे नव्हते. ही गोष्ट आम्हाला एका स्पर्धेत कळली आणि तिची किंमत नववीतल्या एका मुलीने मोजली.

पनवेल तालुक्यातले गव्हाण आता लोकांना समजावून सांगावे लागत नाही. एका बाजूला उलव्याच्या इमारती, दुसऱ्या बाजूला जासई आणि न्हावा-शेव्याचे कंटेनर. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला, त्याच दिवशी खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत रेल्वे गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. आमच्या वर्गातल्या मुलांना ट्रेलरचा आवाज ऐकून तो भरलेला की रिकामा हे सांगता येते. झाडांबाबत मात्र ‘मोठं झाड’ आणि ‘काटेरी झाड’ एवढ्यावर काम भागत होते. खरे सांगायचे तर आमचेही.

आम्ही भाषेचे शिक्षक. मराठी शिकवतो, उर्दूचा तासही आमच्याकडेच. विज्ञानाच्या सरांची बदली झाली, जागा भरली गेली नाही, आणि तालुक्यातल्या काही शाळांनी मिळून ठेवलेल्या विज्ञान स्पर्धेची तयारी आमच्या गळ्यात पडली. त्यात ‘परिसरातील वृक्ष ओळखा’ अशी एक फेरी होती. टेबलावर वीस नमुने, प्रत्येकाला एक मिनिट. नाव लिहायचे आणि ते कशावरून ओळखले याचे एक कारण लिहायचे. कारण चुकले तर अर्धेच गुण. आम्हाला वाटले, यात काय अवघड? शाळेच्या आवारात पाट्या आहेतच, त्या पाठ करून घेऊ.

मुलीने पाठ केल्या. स्पर्धेत तिच्यासमोर एका ताटलीत एक पान, सालीचा तुकडा आणि पाच पंखांचे सुके फळ आले. तिने लिहिले, ‘अर्जुन. कारण फळाला पाच पंख आहेत.’ उत्तर होते ऐन. परतीच्या रिक्षात ती गप्प होती. गव्हाण फाटा आल्यावर म्हणाली, “मॅडम, दादी म्हणाली होती की टेकाडावरचा तो ऐन आहे. मी तिला म्हटलं, पाटीवर अर्जुन लिहिलंय, तुला काय कळतं?”

गुण गेल्याचे तिला वाईट वाटले होतेच. पण दादीला असे बोलल्याचे जास्त वाटत होते. आणि ते तिच्या तोंडून आमच्या पाटीने वदवले होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात उभे राहून आम्ही सांगितले की चूक तिची नाही, आमची आहे. संध्याकाळी तिच्या घरी गेलो. दादी ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. आम्ही माफी मागायला आलोय हे त्यांच्या लक्षात येईना. “टीचर, त्यात काय एवढं?” म्हणाल्या. त्यांचे माहेर पेणकडचे. घरची भातशेती. रोप टाकण्याआधी राब भाजायचा, त्यासाठी ऐनाचे टाळ तोडून आणायचे. लग्नाआधीच्या सगळ्या उन्हाळ्यांत ऐनाचे भारे डोक्यावर वाहिलेली बाई ती. तिला ऐन ओळखायला फळ कशाला लागते?

दादींना आम्ही टेकाडावर घेऊन गेलो. त्यांनी सालीवरून हात फिरवला आणि नातीचा हात धरून तिथेच ठेवला. काळपट, जाड, आडव्याउभ्या भेगांनी चौकोन पडलेली साल. मगरीच्या पाठीसारखी. अर्जुनाची साल अशी नसते. ती पांढरट, गुळगुळीत असते आणि तिचे पापुद्रे निघतात. पनवेलकडे जाताना रस्त्याच्या कडेला लावलेला एक अर्जुन आम्ही नंतर मुद्दाम जाऊन पाहिला. इतका उघड फरक सहा वर्षे दिसला नाही, कारण आम्ही पुस्तकातले चित्र पाहून फळाचे पंख मोजले होते आणि तिथेच थांबलो होतो. पाच पंख दोघांनाही असतात. दोघेही टर्मिनेलिया कुळातले, सख्खे भाऊ. टसर रेशमाचे किडे दोघांचीही पाने खातात आणि काही भागांत दोघांनाही सादडाच म्हणतात. फळच बघायचे असेल तर पंखांवरच्या बारीक रेषा बघाव्यात. ऐनाच्या पंखावर त्या सरळ आडव्या कडेपर्यंत जातात, अर्जुनाच्या पंखावर वरच्या बाजूला वळतात. ऐनाचे पान उलटे केले की देठाजवळ मधल्या शिरेवर चामखिळीसारख्या गाठी दिसतात.

त्या दिवसापासून आम्ही नव्याने शिकायला बसलो. झाडांचे शास्त्र आम्हाला येत नाही. पण सारख्या दिसणाऱ्या गोष्टी मुलांना वेगळ्या ओळखायला लावणे हा आमचा रोजचाच धंदा. उर्दूच्या पहिल्या धड्यात बे, पे, ते, से ही चार अक्षरे येतात. होडी चौघांचीही एकच. फरक नुक्त्याचा. एक खाली, तीन खाली, दोन वर, तीन वर. जीम, चे, हे, खे यांचेही तसेच. मराठीत घ आणि ध, भ आणि म. लहान मूल अक्षराचा एकंदर आकार बघते आणि चुकते. आपण त्याला सांगतो, आधी नुक्ता बघ. झाडांनाही नुक्ते असतात, एवढेच आम्ही मुलांना सांगितले. मग रोज मधल्या सुट्टीत नुक्ता शोधायचा खेळ सुरू झाला.

पहिला दणका शाळेच्या दारातच बसला. कंपाउंडला लागून उंच, सरळ, खाली झुकलेल्या पानांची रांग आहे. सगळा गाव त्यांना अशोक म्हणतो. ते अशोक नाहीत, आसुपालव. त्यांना फिकट हिरवी, चांदणीसारखी फुले येतात, चटकन लक्षातही येत नाहीत. खरा अशोक, म्हणजे सीता अशोक, पसरट डेऱ्याचा असतो आणि त्याला केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात. आसुपालवाचे पान फांदीवर एकटे असते; सीता अशोकाच्या एका देठावर पानांच्या जोड्या असतात.

इथे मुलांना पहिल्यांदा एक महत्त्वाची गोष्ट कळली. आपण ज्याला पान म्हणतो ते बऱ्याचदा पानाचा तुकडा असतो, पर्णिका. पान कुठून सुरू होते हे कळीवरून ठरवायचे. देठ फांदीला जिथे मिळतो त्या बेचक्यात कळी असते. पर्णिकेच्या बुडाशी ती नसते. हे एकदा डोळ्यांत बसले की कडुनिंब आणि बकाणनिंब यांत गोंधळ होत नाही. कडुनिंबाच्या एका दांड्यावर पर्णिकांच्या जोड्या असतात आणि गोष्ट संपते. बकाणाच्या दांड्याला पुन्हा फाटे फुटतात आणि त्यांवर पर्णिका येतात. कडुनिंबाची फुले पांढरी, बकाणाची जांभळट. हा फरक नुसत्या गुणांचा नाही. घरोघरी गोवर-कांजिण्यांच्या वेळी अंघोळीच्या पाण्यात पाला घालतात, कुणी कोवळी पाने चावून खातात. बकाणाची फळे विषारी असतात. “कडूच आहे ना, मग निंबच” असे म्हणून कुणी पोराला ती खाऊ घालू नयेत, एवढ्यासाठी तरी हे झाड घरातल्या प्रत्येक अम्मीला ओळखता आले पाहिजे.

‘पळसाला पाने तीन’ ही म्हण वर्गात सगळ्यांना ठाऊक होती. एका मुलाने दुसऱ्या दिवशी तीन पानांची डहाळी आणली आणि ऐटीत म्हणाला, पळस. डहाळीला काटे होते. तो पांगारा निघाला. पाने पांगाऱ्यालाही तीनच. बेलाला तीन, वायवर्णाला तीन. म्हण रचणाऱ्याने बाकीच्यांकडे बघितलेच नाही, असा शेरा त्याच मुलाने मारला. पळसाचे पान जाड, खरबरीत, त्यावर जेवण वाढता येईल असे. पांगाऱ्याचे पातळ, आणि त्याच्या खोडावर काटे. बेलाचे पान चुरगळले की वास येतो, फांदीवर लांब काटे असतात. वायवर्णाला ना तो वास, ना काटे.

दसऱ्याच्या आठवड्यात तर वर्गातच बाजार भरला. आमच्या शाळेत आगरी, कोळी घरांतली मुले बहुसंख्य. सोने म्हणून त्यांनी आणलेल्या पानांत आपटा कमी आणि कांचन जास्त होता. दोघांचीही पाने मधोमध दुभंगलेली, उंटाच्या पावलासारखी. आपट्याचे पान लहान, जाडसर, उंचीपेक्षा रुंद. कांचनाचे मोठे आणि पातळ. आपट्याची फुले पिवळट पांढरी, बारीक. कांचनाची मोठी, गुलाबी-जांभळी. त्या वर्षी आमच्या मुलीने शेजारच्या दोन घरांना खरा आपटा कोणता ते दाखवले. पाने तोडून कुणी आणू नका, खाली पडलेलीच आणा, असेही बजावून आली. शेजारच्या काकूंनी तिला चकल्या दिल्या.

टेकाड झाल्यावर खाडी उरली. तिथे मुलांना नेण्याआधी घरोघरी परवानगी मागावी लागली. मुलीच्या अम्मीचा नकार होता. चिखल, भरती, मुलगे-मुली एकत्र, सगळ्याचीच काळजी. दादीच म्हणाल्या, “मीही येते, मग तर झालं?” आणि खरेच आल्या, साडीचा ओचा खोचून, काठी घेऊन. ओहोटीची वेळ बघून गावातल्या एका म्हाताऱ्या मासेमाराला आम्ही सोबत घेतले होते.

लांबून बघितले तर सगळे तिवरच. जवळ गेल्यावर हळूहळू वेगळे दिसू लागले. चिखलातून पेन्सिलीसारखी मुळे वर आलेली असतील तर तिवर. तीच मुळे जाड, गाजर उलटे रोवल्यासारखी असतील तर चिप्पी. यातली पांढरी चिप्पी महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केली. खोडापासून कमानीसारखी मुळे चिखलात टेकलेली असतील तर कांदळ. तिवरातही दोन जाती. एकीचे पान टोकदार, दुसरीचे रुंद आणि टोकाशी गोल. पानावर जीभ लावली तर मीठ लागते, कारण खाऱ्या पाण्यातले मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकते. जीभ लावायला सगळे पुढे सरसावले.

तेवढ्यात एका मुलाने पलीकडच्या झुडपाची फांदी वाकवली आणि पान तोडले. पांढरा चीक आला. म्हातारबाबा ओरडलेच, “आरं, सोड तं! डोल्यान चीक गेला तं डोला जाईल!” तो गेवा होता. त्याचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. मुलाचे हात बाटलीतल्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतले, हात चेहऱ्याजवळ न्यायचा नाही असे बजावले. आमचे पाय मात्र पुढचा अर्धा तास लटपटत होते. जीभ लावायची परवानगी आम्हीच दिली होती. आधी ओळखायचे आणि मग चाखायचे, हा क्रम आम्ही मुलांना सांगितलाच नव्हता. त्यानंतर आमच्या वहीत पहिला नियम तोच आला, आणि दुसरा नियम पान न तोडण्याचा. कांदळवन तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्येच बंदी केली, २०१८ च्या निकालात ती कायम केली. खाली पडलेली पाने शिकायला पुरेशी असतात.

खाडीच्या वरच्या अंगाला, भरतीचे पाणी क्वचितच पोहोचते तिथे, दादींना एक झुडूप दिसले. पाने समोरासमोर, मांसल, तिवरासारखीच. मुलांनी तिवर म्हणून वहीत लिहूनही टाकले. मुलीने पडलेले पान उलटे केले. तिवराचे पान खालून पांढुरके असते, हे दोन्ही बाजूंनी सारखेच हिरवे होते. म्हातारबाबांना विचारले, विषारी नाही अशी खात्री करून घेतली, मग चुरगळून वास घेतला. मोहरीसारखा तिखट. तो पिलू होता. मशिदीबाहेर पाकिटात मिळणारी मिसवाक याच झाडाची. आपण जी वस्तू दुरून आलेली समजून विकत घेतो ती घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर उगवते, हे कळल्यावर आमच्यासकट सगळे गप्प झाले. पोरांनी ताबडतोब उपटायची भाषा सुरू केली. दादींनी काठी उगारली.

तिवराची आणखी एक गंमत वाचकांना सांगितलीच पाहिजे. त्याचे शास्त्रीय नाव ॲव्हिसेनिया. वर्गात हे नाव फळ्यावर लिहिताना आमचा हात थांबला. युरोपात इब्ने सिनांना ॲव्हिसेना म्हणत. बुखाऱ्याजवळ ९८० मध्ये जन्मलेले, १०३७ मध्ये हमदानला वारलेले तेच हकीम, ज्यांचा ‘अल-कानून फ़ित्तिब’ युरोपातल्या विद्यापीठांत कित्येक शतके शिकवला गेला. स्वीडनच्या लिनियसने १७५३ मध्ये वनस्पतींची नावे ठरवली, तेव्हा या कुळाला त्यांचे नाव दिले. म्हणजे गव्हाणच्या चिखलात उभे असलेले प्रत्येक तिवर इब्ने सिनांचे नाव लावून उभे आहे. हे सांगितल्यावर त्या स्पेलिंगमध्ये कुणीही चुकले नाही.

एक गोष्ट मात्र चटका लावून गेली. मोहल्ल्यात एक मय्यत झाली. गुसलच्या पाण्यात घालायला बोरीची पाने हवी होती. एका मुलाला पाठवले, त्याने टेकाडावरून तोरणाची पाने आणली. दोन्ही एकाच कुळातली. पानाच्या बुडातून तीन शिरा निघालेल्या, दोन्हींना काटे. आमच्या मुलीने दारातच ती परत केली. बोरीला काटे जोडीने येतात, एक सरळ आणि एक आकड्यासारखा. तोरणाला बहुधा एकेकटा, वाकडा. बोरीचे पान लहान आणि खालून लोकरीसारखे पांढुरके, तोरणाचे मोठे आणि सुरकुतलेले. ती स्वतः जाऊन बोरीची पाने घेऊन आली. त्या गडबडीत कुणाच्या हे लक्षातही आले नसेल. पण दादींच्या आले. स्पर्धेतल्या वीस नमुन्यांत ही जोडी नव्हती.

मधल्या काळात मोबाइलमधली ॲपही वापरून पाहिली. फुलाचा फोटो दिला तर बरे उत्तर येते. नुसत्या पानावर चार फोटोंना चार नावे आली. वाईट म्हणत नाही, पण ॲपने सांगितलेल्या नावाला ‘कशावरून?’ असे विचारायची सवय नसेल तर आमच्या पाटीत आणि त्यात फरक तो काय? डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, कृती-संशोधन प्रकल्प आणि मुलाखत असते. राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेतही मुलांना स्वतःच्या परिसरातला प्रश्न घेऊन काम करायचे असते. दोन्हीकडे ‘कशावरून?’ विचारले की नुसती पाठांतराची मुले अडखळतात. ज्यांच्या घरी दादी-नानी आहेत त्यांनी आधी त्यांना विचारावे. आजूबाजूच्या आदिवासी वाड्यांवरच्या बायकांना विचारावे. मग पुस्तक उघडून पडताळावे, कारण दादीही कधी चुकतात. आमच्या दादी भेंडीच्या झाडाला पिंपळच म्हणत होत्या. पान बदामी खरे, पण पिंपळासारखे शेपटीदार टोक नाही, चीक पांढरा नाही, आणि झाडाला पिवळी, जास्वंदीच्या घाटाची फुले. नातीने समजावून सांगितले. यावेळी आवाज न चढवता.

पुढच्या वर्षी ती दहावीत गेली, म्हणून स्पर्धेला बसता आले नाही. रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास तिने आठवी-नववीच्या तिघांची तयारी करून घेतली. आमच्यापेक्षा कडक. त्यांनी वीसपैकी सतरा ओळखले, शाळा तिसरी आली. राहिलेल्या तिनांपैकी एकाबद्दल अजून वाद चालू आहे. मुलांचे म्हणणे, तो नमुनाच अर्धवट होता.

टेकाडावरची पाटी मुलीनेच पुन्हा रंगवली. ‘ऐन’, खाली उर्दूत ‘ऐन’. तेव्हा तिला हसू आले, कारण उर्दूत ऐन नावाचे अक्षरही आहे. झाडाच्या नावात ते अक्षर लिहायचे की अलिफने सुरुवात करायची, यावर आम्ही पंधरा मिनिटे घातली. शेवटी अलिफ ठरला. पाटी आता खिळा न ठोकता सुतळीने बांधली आहे. दादी परवा विचारत होत्या, ओढ्याकाठच्या दोन झाडांवर अजून काही लिहिले का नाही. त्यांतले एक करंज आहे याची खात्री झाली आहे. दुसऱ्याला फुले आल्याशिवाय पाटी लावायची नाही, असे ठरले आहे.